शेपूट लांब म्हणजे संख्या मोठी नव्हे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तेव्हा मी कॉम्प्युटरवर काहीतरी बोलावं अशी संयोजकांची अपेक्षा होती. कॉम्प्युटर येईलच, पण शेवटी. आज मला बोलायचंय ते शाळेच्या गणितातल्या एका छोट्या गोष्टीबद्दल : अखंड आवर्ती दशांश अपूर्णांक. १ला ३ने भागलं की ०.३३३… असं जे येतं आणि संपतच नाही, ते. आपण त्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायचो आणि पुढच्या गणिताकडे वळायचो.

अशा दोन संख्या समोर ठेवल्या, तर त्यांतली मोठी कोणती? एवढाच माझा प्रश्न आहे. परीक्षेत तो दोन मार्कांचा असतो. परीक्षेबाहेर कधी कधी तो हजारोंचा होतो, म्हणून आज तो निवडला.

आमच्या नात्यातल्या एका घरचं उदाहरण देते. नाव-गाव सांगत नाही आणि आकडेही हिशेबाला सोपे करून घेते. वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा रस्त्यासाठी गेला. आईवडील दोघंही हयात नाहीत. तीन भाऊ, चार बहिणी, म्हणजे वारस सात. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्यामुळे प्रत्येकाला एक सप्तमांश, याबद्दल घरात कोणाचंच दुमत नव्हतं. मोबदला ७० लाख रुपये धरा.

वाद निघाला तो कागदावरून. वाटणीचा जो तक्ता कोणाकडून तरी करून आणला होता, त्यात भावांच्या नावांपुढे ०.१४३ लिहिलं होतं. बहिणींची नावं मागाहून घातली गेली, त्यांच्यापुढे लिहिलं होतं ०.१४. थोरल्या बहिणीने विचारलं, "आमचं कमी का?" उत्तर मिळालं, "अगं ताई, दोन्ही एकच. एक आकडा सोडून दिलाय फक्त." तेवढ्यात भाच्याने मोबाइलवर १ भागिले ७ केलं. आलं ०.१४२८५७१४२. ते बघून दुसरा एक जण म्हणाला, "हा तर सगळ्यात मोठा दिसतोय!"

आता हिशेब करू. ७० लाखांचा खरा सातवा हिस्सा १० लाख. ०.१४३ने गुणलं तर १०,०१,०००. ०.१४ने गुणलं तर ९,८०,०००. म्हणजे ज्या दोन संख्या ‘एकच’ होत्या, त्यांच्यात माणशी २१,००० रुपयांचा फरक. आणि तीन भावांचे ३०,०३,००० अधिक चार बहिणींचे ३९,२०,००० मिळून होतात ६९,२३,०००. बाकीचे ७७,००० रुपये कागदावर कोणाच्याच नावावर नाहीत. कोणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. दोन वेळा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी शेपूट तोडलं, एवढंच झालं. पण दोन्ही वेळा ते कोणाच्या बाजूने तुटलं, तेही बघा.

‘सगळ्यात मोठा दिसतोय’ म्हणणाऱ्याला हसू नका. ही समजूत फार जणांची असते, आणि तिला आपली वाचायची पद्धतही थोडी जबाबदार आहे. ०.५ आपण वाचतो ‘शून्य पूर्णांक पाच’ आणि ०.४५ वाचतो ‘शून्य पूर्णांक पंचेचाळीस’. कानाला पंचेचाळीस मोठे वाटतात, पाच लहान. पोराने ०.४५ मोठे म्हटलं तर चूक त्याच्या डोक्याची नाही, कानाची आहे. म्हणून आजच्या शिक्षकांना माझी विनंती आहे : दशांश चिन्हानंतरचे आकडे एकेक वाचून घ्या. ‘चार, पाच’. मग कळतं की पहिल्या घरात एकीकडे पाच दशांश आहेत आणि दुसरीकडे चारच. तिथेच निकाल लागला. पुढे कितीही आकडे आले तरी तो निकाल फिरत नाही.

हाच नियम न संपणाऱ्या संख्यांनाही लागतो. चार संख्या घ्या. पहिली ०.४५, तिथेच संपलेली. दुसरी, ४५ची आवृत्ती : ०.४५४५४५… तिसरी, ४५४ची आवृत्ती : ०.४५४४५४… चौथी, जिच्यात ४ एकदाच येतो आणि पुढे नुसते ५ : ०.४५५५५५… रेघा मारून छोट्या करून लिहिल्या तर चारही सारख्याच दिसतात, म्हणून पहिली पायरी ही की रेघ काढून टाकायची आणि आकडे लांब लिहून एकाखाली एक मांडायचे. संपलेल्या संख्येपुढे शून्यं भरायची. मग डावीकडून चालत यायचं. जिथे पहिल्यांदा आकडे वेगळे होतात, तिथे ज्याचा आकडा मोठा ती संख्या मोठी. तिसऱ्या घरात ०, ४, ४, ५. म्हणजे ०.४५ सगळ्यात लहान आणि ०.४५५५… सगळ्यात मोठी. मधल्या दोघी चौथ्या घरात वेगळ्या होतात : ४५ वाल्या संख्येत ५, ४५४ वाल्या संख्येत ४. म्हणजे ज्या संख्येची आवृत्ती तीन आकड्यांची, ती दोन आकड्यांच्या आवृत्तीपेक्षा लहान निघाली.

कुठवर लिहायचं? संख्या संपतच नाही तर तपासणी तरी कशी संपणार? इथे आपला जुना लसावि कामाला येतो. एकीची आवृत्ती दोन आकड्यांची, दुसरीची तीन, लसावि सहा. सहा आकडे लिहिले की दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी पुऱ्या होतात : ४५४५४५ आणि ४५४४५४. पुढे तेच ते परत येणार. म्हणून या दोन पूर्ण संख्यांची तुलना केली की झालं. त्यामागचं कारणही सरळ आहे. पहिली संख्या म्हणजे ४५४५४५ छेद ९९९९९९, दुसरी म्हणजे ४५४४५४ छेद ९९९९९९. छेद सारखे, मग अंश बघा. चौथीसारख्या संख्येत सुरुवातीला न फिरणारा भाग असतो. तेव्हा तो भाग संपल्यावर मोजायला सुरुवात करायची, एवढाच फरक.

या नियमाला एकच अपवाद आहे, आणि तो ९चा. ०.९९९… आणि १. आकडे एकाखाली एक मांडले तर पहिल्याच घरात ० आणि १, म्हणजे १ मोठा वाटतो. पण दोन्ही संख्या एकच आहेत. पटत नसेल तर १/३ म्हणजे ०.३३३… हे तुम्हाला मान्य आहे ना? दोन्ही बाजूंना ३ने गुणा. डावीकडे १ आणि उजवीकडे ०.९९९… तरीही कोणी म्हणेल, किंचित कमी असणारच. ठीक आहे, किती कमी? एक हजारांश? चौथा ९ लिहिला की फरक त्याहून कमी होतो. एक कोट्यंश? आठवा ९ लिहिला की तोही संपला. तुम्ही कितीही छोटा फरक सांगा, ९ची रांग त्याच्या आत जाते. सांगता येईल असा फरकच उरत नाही, तेव्हा दोन संख्या वेगळ्या नाहीत. तसंच ०.४९९९… म्हणजे ०.५, आणि ०.१२४९९९… म्हणजे १/८. नुसत्या ९चं शेपूट दिसलं की आधी आदला आकडा एकाने वाढवून ती संख्या सरळ करून घ्यायची, मग तुलना.

आता सातच्या भागाकाराकडे परत येऊ. १ला ७ने भागताना बाकी उरते ती १ ते ६ यांच्यातलीच. सहाच बाक्या शक्य आहेत, त्यामुळे सहा आकड्यांच्या आत कुठेतरी जुनी बाकी परत येणारच, आणि बाकी परत आली की आकडेही परत येणार. आवृत्ती होते ती यामुळे. १/७ला आकडे येतात १४२८५७. आता २/७ करून बघा : २८५७१४. ३/७ : ४२८५७१. तेच सहा आकडे, गोल बसून, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून. ४/७ पाचापासून, ५/७ सातापासून, ६/७ आठापासून. म्हणजे सप्तमांशांची तुलना करायची तर पहिला आकडा बघितला की काम झालं : १, २, ४, ५, ७, ८. चढत्या क्रमाने सहाही ओळीत उभे.

या गोल फिरणाऱ्या आकड्यांमागे आयुष्यभर लागलेला एक शाळामास्तर आपल्याच मुलखाचा होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, गाव डहाणू. आज डहाणू पालघर जिल्ह्यात आहे, पण तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. शिक्षण ठाणे आणि पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. आपण आसनगावला लोकलमधून उतरतो, त्याच मार्गावर कसारा घाट चढून गेलं की देवळाली. विद्यापीठातली मोठी पदवी नाही, हाताशी कागद-पेन्सिल. त्यांनी १९५०च्या दशकात आवर्ती दशांशांच्या चक्रांवर ‘सायकल्स ऑफ रिकरिंग डेसिमल्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. ७ला एकच चक्र मिळतं. १३ला दोन मिळतात : ०७६९२३ आणि १५३८४६. बारा त्रयोदशांश या दोन चक्रांत सहा-सहा वाटले जातात. असं प्रत्येक संख्येचं चक्र बसून काढायचं, हे त्यांचं काम.

त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना ‘डेम्लो’ असं नाव दिलं. डेम्लो म्हणजे कोण मोठा परदेशी गणिती नव्हे. ते एका रेल्वे स्टेशनचं नाव, आजचं डोंबिवली! तिथे ती कल्पना त्यांना सुचली म्हणून. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा ते जगाला माहीत झाले. आज ६१७४ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. डोंबिवलीला गाडी बदलताना आपल्याला पुढची गाडी किती वाजता एवढंच सुचतं, हे सोडून द्या.

पण त्या चक्रात आपल्या वाटणीचं उत्तर आहे. १४२८५७ला ७ने गुणलं तर येतं ९९९९९९. म्हणजे सात जणांचे हिस्से शेपटासकट मिळवले तर ०.९९९…, आणि ते म्हणजे नेमका १, हे आपण आत्ताच पाहिलं. शेपूट पूर्ण ठेवलं तर एक पैसाही हवेत राहत नाही. तोडलं तर ७७,००० राहतात. मोबाइलवरचं ०.१४२८५७१४२ दिसायला सगळ्यात लांब, पण तिसऱ्या घरात तिथे २ आहे आणि भावांच्या ०.१४३मध्ये ३. म्हणून क्रम असा : ०.१४ लहान, मग ०.१४२८५७१४२, मग खरा १/७, आणि सगळ्यात मोठा ०.१४३. त्या घरी शेवटी दशांशांचा रकाना खोडला आणि सातही नावांपुढे १/७ लिहिलं. वाद तिथेच मिटला. अपूर्णांकाला शेपूट नसतं, त्यामुळे तोडायलाही काही नसतं.

आपल्या आजोबा-पणजोबांना हा त्रास थोडा कमी होता. एका रुपयाचे १६ आणे, एका आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्याचे तीन भाग करा : ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. बरोब्बर. जमिनीतला हिस्साही आणे-पैमध्ये सांगायचे, त्यामुळे तिघा भावांत कोणाचं काही उरत नसे. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नये पैसे झाले, आणि तिसरा हिस्सा झाला ३३ पैसे आणि वर एक न संपणारं शेपूट. कारण १०चे अवयव २ आणि ५. संक्षिप्त रूपात छेदात २ आणि ५ सोडून दुसरा मूळ अवयव असला की दशांश संपत नाही. जुनी माणसं पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी पाठ करायची. ते सगळे अपूर्णांक २ आणि ४ छेदाचे, म्हणजे संपणारे. ३ आणि ७ मात्र दशांशात कायम शेपूटवाले. आणि ७ तर आणे-पैमध्येही बसत नव्हता.

आता कॉम्प्युटर. त्याची अडचण आपल्यापेक्षा मोठी आहे. तो फक्त ० आणि १ वर चालतो, म्हणजे त्याच्याकडे १०चा नव्हे, २चा हिशेब. तिथे छेदात २ सोडून काहीही आलं की शेपूट लागतं. आपल्यासाठी एक दशांश म्हणजे साधं ०.१. कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत तो अखंड आवर्ती होतो : ०.०००११००११००११… जागा मर्यादित, म्हणून कुठेतरी कापावंच लागतं. बहुतेक भाषांमध्ये ०.१ आणि ०.२ची बेरीज करायला सांगा आणि ती ०.३एवढी आहे का विचारा. कॉम्प्युटर ‘नाही’ म्हणतो. त्याच्या मते बेरीज ०.३पेक्षा मोठी आहे, शेवटी सतराव्या घरात एक ४ लटकलेला असतो.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. १९९१च्या आखाती युद्धात, २५ फेब्रुवारीला, सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा समोरून येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही. त्या यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजायचं आणि त्यांचे सेकंद करताना एक दशांशाचं द्विमान रूप २४ अंकांच्या जागेत कापलेलं होतं. कापलेला भाग नगण्य. पण यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती आणि नगण्य भाग साठत साठत सुमारे ०.३४ सेकंदांवर गेला. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. २८ सैनिक मारले गेले. एकदा कापलेलं शेपूट छोटंच असतं. ते किती वेळा कापलं जातं, यावर सगळं अवलंबून.

म्हणून आमच्या धंद्यात नव्या मुलांना आम्ही तीन गोष्टी सांगतो. पैशाचा हिशेब दशांशात ठेवू नका, सगळं पैशांत करून पूर्ण संख्येत ठेवा. दोन दशांश ‘समान आहेत का’ असं यंत्राला विचारू नका, त्यांच्यातला फरक किती ते विचारा. आणि वाटणी करायची असेल तर भागाकार सगळ्यात शेवटी करा. १०० रुपये तिघांत वाटताना ३३.३३, ३३.३३ आणि ३३.३४ होणार, तर तो जास्तीचा पैसा कोणाला जाणार हे आधीच लिहून ठेवा. डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या मुरबाड तालुक्यातलं धसई कॅशलेस गाव म्हणून गाजलं, तेव्हापासून तर चहा-वडापावचे हिशेबही यंत्रातून जाऊ लागले. शेपूट कुठे कापायचं हे कोणीतरी, कुठल्यातरी ऑफिसात बसून ठरवतं. ते ठरवणाऱ्यांत आपल्या शाळेची मुलंमुली असावीत, असं मला वाटतं.

मंचावरून उतरण्याआधी एक घरपाठ. ०.७, ०.७७, ०.७७७…, ७/९ आणि ०.७७८ हे चढत्या क्रमाने लावा. दोघंजण एकाच पायरीवर उभे आहेत, ते कोण तेही सांगा. जेवणाच्या पंगतीत उत्तर विचारीन.

आणि एक विनंती, खास करून माझ्या वर्गमैत्रिणींना. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या माहेरी आता जमिनीचे, मोबदल्याचे कागद निघतील. समोर तक्ता आला की आपल्या नावापुढचा आकडा बघून थांबू नका. सगळ्या हिश्श्यांची बेरीज करा. ती १ येते का बघा. येत नसेल तर सही करू नका. आधी दशांश खोडून अपूर्णांक लिहायला सांगा.